रेडिओ भेट द्या, पण तो लावूनही द्या



आपल्या पानावर मंडळीचे प्रश्न येतात, वर्गणीचे येतात, कब्रस्तानाच्या भिंतीचे येतात. आज मी एका रेडिओविषयी लिहितो आहे. विषय लहान वाटेल, पण घरोघरी म्हातारी माणसे आहेत आणि त्यांच्या उशाशी पूर्वी जे यंत्र बोलत असे ते आता गप्प आहे, म्हणून लिहावेसे वाटले.

माझी आई 84 वर्षांची. काचबिंदूने तिची नजर जवळजवळ नेली. टीव्ही तिला दिसत नाही, वर्तमानपत्र मी वाचून दाखवतो तेवढेच. तिचा खरा सोबती म्हणजे दोन बँडचा ट्रान्झिस्टर. लहानपणी आमच्या घरी मोठा रेडिओ होता, त्याचे लायसनचे पुस्तक पोस्टात नेऊन त्यावर शिक्का मारून आणायचे काम माझ्याकडे असे. सकाळी धारवाड, मग सांगली, वारा बरा असला तर पणजी. रात्री वडील शॉर्ट वेव्हवर काटा हळूहळू फिरवत आणि दूर सेशेल्स बेटांवरून येणारे फेबाचे प्रसारण लागले की आम्हाला गप्प बसायला सांगत. आवाज लाटेसारखा यायचा नि जायचा. पण बेळगावातल्या मराठी घराला सांगलीचे मराठी ऐकायला कुणाची परवानगी लागत नव्हती, हे मला आजही मोठे वाटते.

तर तो ट्रान्झिस्टर दोन वर्षांपूर्वी बिघडला. बँड बदलायचे बटण तुटले. खडे बाजारात दाखवला, तर मेकॅनिक म्हणाला, "काका, पार्ट मिळत नाही की आता. नवा घ्या." हे माझ्या बहिणीच्या मुलाला कळले. तो इंग्लंडात नोकरीला आहे. गेल्या नाताळाला घरी आला तो आजीसाठी डिजिटल रेडिओ घेऊनच. लाकडी पेटी, रंगीत पडदा, देखणी वस्तू. सगळे घर भोवती जमले. त्याने बटण दाबले, पडद्यावर शोध सुरू झाल्याची पट्टी सरकत गेली आणि शेवटी आकडा आला – शून्य स्टेशने. पुन्हा केले, पुन्हा शून्य. गच्चीवर नेऊन पाहिला, तिथेही शून्य. आई म्हणाली, "राहू दे बाळा, माझ्यासाठी एवढा खर्च कशाला केलास?" पोराचा चेहरा उतरला.

रेडिओ बिघडलेला नव्हता, हे मला नंतर चौकशी केल्यावर समजले. आणि हीच गोष्ट आपल्या वाचकांना सांगायची आहे, कारण परदेशातून नातवंडांनी आणलेले असे रेडिओ आणखी घरांतून कपाटात पडले असतील.

खोक्यावर 'डिजिटल' लिहिलेले असते, पण त्या एका शब्दात तीन वेगळ्या गोष्टी लपलेल्या आहेत. पहिली डीएबी. ही पद्धत युरोपात चालते. एकाच लहरीवर अनेक स्टेशने एकत्र बांधून पाठवतात. नॉर्वेने तर 2017 मध्ये आपली राष्ट्रीय स्टेशने एफएमवरून काढून याच पद्धतीवर नेली. पण आपल्या देशात डीएबीचे प्रसारण नाही. म्हणजे तो रेडिओ बेळगावात काय, मुंबईत नेला तरी डीएबीवर काही सापडणार नाही. त्यातले एफएम तेवढे चालेल. मध्यम लहरी, ज्याला आपण मीडियम वेव्ह म्हणतो, ती अशा बहुतेक सेटांत नसतेच. म्हणजे आईचे धारवाड आणि पणजी दोन्ही गेले.

दुसरी डीआरएम. आकाशवाणीने ही पद्धत निवडली आणि देशभरात 35 च्या आसपास मीडियम वेव्ह केंद्रांवर तिची यंत्रणा बसवली. त्यात आपल्या जवळची धारवाड आणि पणजी ही केंद्रेही आहेत. आवाज स्वच्छ, घरघर नाही, शिवाय पडद्यावर अक्षरेही येऊ शकतात. पण ते ऐकायला डीआरएमचाच सेट लागतो. काही नव्या मोटारींत तो बसवून येतो. हातात धरायचा सेट मात्र बाजारात सहज दिसत नाही आणि दिसला तर त्याची किंमत साध्या ट्रान्झिस्टरच्या कित्येक पट असते.

तिसरी म्हणजे ज्याला दुकानदार सर्रास 'डिजिटल' म्हणून विकतो ती. स्टेशने नेहमीचीच, एफएम नि मीडियम वेव्ह. फक्त काट्याऐवजी आकडे आणि आत शोधण्याचे काम एक चिप करते. आपल्यासारख्यांच्या उपयोगाचा आज हाच. म्हणून विकत घेताना 'डिजिटल आहे का?' असे विचारू नका. 'यात मीडियम वेव्ह आहे का, आणि दुकानात लावून दाखवाल का?' असे विचारा.

असा एक छोटा सेट मी आईसाठी आणला. वाटले, आता झाले. पण कुठले काय! एफएम लगेच लागले, धारवाड लागेना. धारवाड 765 किलोहर्ट्झवर, हे मला तोंडपाठ. आकडा मात्र 760 वरून उडी मारून 770 वर जायचा. दोन्हीकडे नुसती घरघर. पणजीचे 1287, तर हा 1280 वरून 1290 वर. दोन संध्याकाळी गेल्या. शेवटी शेजारचा आयटीआय शिकणारा पोरगा आला, त्याने सेट हातात घेऊन आकड्यांकडे पाहिले आणि हसला. "काका, हा अमेरिकेच्या पायरीवर आहे." मीडियम वेव्हची स्टेशने अमेरिकेत 10-10 किलोहर्ट्झच्या अंतराने असतात, आपल्याकडे 9-9 च्या. 765 ला 9 ने भाग जातो, 1287 लाही जातो. सेट 10 च्या पायरीवर असेल तर आपली बहुतेक स्टेशने दोन पायऱ्यांच्या मध्ये अडकतात. बऱ्याच सेटांत रेडिओ बंद असताना एक ठरावीक बटण थोडा वेळ दाबून धरले की 10 चे 9 होते. कोणते बटण, ते सोबतच्या कागदावर असते. तो कागद मुंगीच्या अक्षरात आणि इंग्रजीत. मराठी नाही, कन्नड नाही. म्हातारा माणूस तो कसा वाचणार?

मग पुढचे जमत गेले. बाकीच्यांना उपयोगी पडेल म्हणून लिहितो. एफएमसाठी वरची काडी पूर्ण ओढून उभी करावी. मीडियम वेव्हला त्या काडीचा उपयोग नसतो, तिचा अँटेना पेटीच्या आत आडव्या कांडीवर गुंडाळलेला असतो. म्हणून आवाज बारीक आला तर काडी न हलवता आख्खा रेडिओच हळूहळू फिरवावा, एका दिशेला तो स्वच्छ बोलतो. मोबाइलचा चार्जर, एलईडी दिवा, इन्व्हर्टर यांच्याजवळ ठेवू नये, मीडियम वेव्हवर त्यांचीच घरघर येते. आईच्या उशाशी माझाच चार्जर लावलेला होता. तो काढला आणि अर्धी घरघर गेली. कुलपाचे बटण असते, ते चुकून दाबले गेले तर रेडिओ कोणत्याच बटणाला दाद देत नाही आणि म्हातारी माणसे 'मेला' म्हणून ठेवून देतात. आणि शक्यतो बाजारात मिळणाऱ्या साध्या सेलवरही चालणारा सेट घ्यावा. बरेच दिवस वापरायचा नसेल तर सेल काढून ठेवावेत, नाहीतर ते पाझरून आतली पट्टी खातात.

एवढे करूनही आईचा प्रश्न उरलाच. दहा बटणे, सगळी सारखी, सगळी गुळगुळीत. जुन्या ट्रान्झिस्टरला एक चाक आवाजाचे, एक चाक स्टेशनचे. तिची बोटे ते ओळखत. इथे बोटांना काहीच सांगता येईना. तेव्हा शेजारच्या अक्का मदतीला आल्या. घरी जाऊन मखमली टिकल्यांचे पाकीट घेऊन आल्या. चालू-बंदच्या बटणावर मोठी टिकली, 1 नंबरवर एक बारीक, 2 नंबरवर दोन, 3 नंबरवर तीन. 1 ला धारवाड, 2 ला पणजी, 3 ला एफएम साठवून ठेवले. माझ्या आईने जन्मात कधी कपाळाला टिकली लावली नाही. आता तिच्या रेडिओला सात लागल्या. ती बोटे फिरवून म्हणाली, "अक्का, तुम्ही माझा रेडिओ सवाष्ण केलात की!" दोघी कितीतरी वेळ हसत होत्या. टिकल्या घामाने सुटतात, अक्का येऊन नव्या लावून जातात. त्या निमित्ताने चहाही होतो.

आता कुणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला, मोबाइलवर सगळी आकाशवाणी मिळते. मिळते, खरे आहे. मी स्वतः ऐकतो. पण तिथे नजर लागते, बोट नेमके पडावे लागते, नेट लागते, रिचार्ज लागतो. 2020 च्या लॉकडाउनमध्ये आपल्या उपासना मोबाइलवर गेल्या, तेव्हा आपण सगळ्यांनी कौतुक केले. पण त्या दिवसांत किती आजी-आजोबा रविवारी सकाळी चांगले कपडे घालून, मोबाइल कुणीतरी लावून देईल म्हणून वाट बघत बसले, याचा विचार आपण केला का? माझ्या घरी एक होती, म्हणून मला ठाऊक आहे.

आणि 2019 चा ऑगस्ट आठवा. सांगली-कोल्हापूर पाण्यात, इकडे आपल्या जिल्ह्यात मलप्रभा, घटप्रभा, मार्कंडेय भरून वाहत होत्या. आमच्याकडे वीज गेली, दुसऱ्या दिवशी सगळ्यांचे मोबाइल मेले. तेव्हा आईचा तो जुना ट्रान्झिस्टर दोन सेलांवर बोलत होता. आमच्या कट्ट्यावर हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती सगळे त्याच्याभोवती उभे राहून कुठला रस्ता बंद, कुठल्या धरणाचे पाणी सोडले ते ऐकत होते. एका आवाजाने सबंध गल्ली एकत्र आली होती. मोबाइलवर ज्याचे त्याचे कान ज्याच्या त्याच्यापाशी असतात.

म्हणून मला तीन गोष्टी म्हणायच्या आहेत.

सरकारला आणि आकाशवाणीला असे की, डिजिटल प्रसारण जरूर आणा, पण गरिबाला परवडेल असा सेट बाजारात आल्याशिवाय आणि तो खेड्यातल्या दुकानात मिळू लागल्याशिवाय जुनी मीडियम वेव्ह बंद करू नका. बोलणारा तयार झाला पण ऐकणाऱ्याच्या हाती काहीच नाही, असे व्हायला नको. सीमाभागातल्या आमच्यासारख्यांना तर ही लहर म्हणजे दुसऱ्या राज्यातली आपली भाषा घरी येण्याची वाट आहे. एफएमचा आवाज डोंगराआड अडतो, मीडियम वेव्ह घाट ओलांडून येते.

सेट बनवणाऱ्यांना आणि विकणाऱ्यांना असे की, एक चाक आवाजाचे आणि एक स्टेशनचे, एवढे तरी ठेवा. बटणांवर बोटांना कळेल असा उंचवटा ठेवा. ग्राहकाच्या भाषेत एक पान मोठ्या अक्षरात छापा. आणि सेट आपल्या 9 च्या पायरीवर लावूनच हातात द्या.

तिसरे आपल्याच मंडळीला. तरुण संघाची पोरे हुशार आहेत, पडदा नि प्रोजेक्टर चुटकीसरशी लावतात. महिन्यातल्या एका रविवारी उपासनेनंतर अर्धा तास त्यांनी टेबल मांडून बसावे. ज्यांचे रेडिओ गप्प आहेत त्यांनी ते घेऊन यावेत. पायरी तपासायची, तीन स्टेशने साठवायची, टिकल्या लावायच्या. ज्यांना चर्चपर्यंत येता येत नाही त्यांच्या घरी जावे. तिथे रेडिओ लावायला दहा मिनिटे लागतील आणि बोलत बसायला तासभर, आणि तो तास रेडिओहून मोलाचा ठरेल. शेजारच्या गल्लीतल्या इतर धर्मांच्या म्हाताऱ्यांनाही बोलवावे. आमच्या घरी मदत शेजारधर्मानेच आली, हे मी विसरलेलो नाही.

माझ्या भाच्याविषयी माझी तक्रार नाही. त्याने प्रेमानेच आणले. इंग्लंडहून आलेला तो देखणा सेट आता बैठकीत एफएमवर गाणी लावतो, आणि भाच्याचा फोन आला की आई आवर्जून सांगते, "तुझा रेडिओ छान चाललाय हं." पण पहाटे उठून ती हात पुढे करते तो उशाजवळच्या छोट्या सेटकडे. बोट मोठी टिकली शोधते, मग एक बारीक टिकली. धारवाडची सुरावट सुरू होते आणि मला आतल्या खोलीत कळते की आई उठली.

माझ्यासाठी ती रोजची खबर आहे. ज्या दिवशी तो आवाज यायला उशीर होतो, त्या दिवशी मी चपला न घालता धावतो.

आपला नम्र,
एक वाचक,
शहापूर, बेळगाव