दर्शनी भाग आणि आतली आखणी

मेट्रो एक्सप्रेस आता आपल्या अंगवळणी पडली आहे. 2017 साली मुंबईच्या लार्सन अँड टुब्रो कंपनीला तिचे काम मिळाले, 2020 च्या जानेवारीत पोर्ट लुई ते रोझ हिल गाडी धावू लागली आणि 2022 च्या ऑक्टोबरात ती क्युरपिपला पोचली. पैसा काही अंशी भारताचा, बांधणी मुंबईच्या कंपनीची आणि सल्ला सिंगापूरचा. मग सिंगापूरकडून आपल्या व्यापाऱ्यांनी काय घ्यावे, हा प्रश्न साहजिकच पुढे येतो. बहुतेकांचे उत्तर ठरलेले असते: उंच इमारती, काचा, झगमगाट. आमचे मत निराळे आहे, आणि ते रॅफल्स प्लेस या एकाच चौकाच्या आधारे मांडता येते.

मागे एका सुटीत आम्हांस तेथे जाण्याचा योग आला. चौकाच्या मधोमध भुयारी रेल्वेत उतरण्याची प्रवेशद्वारे आहेत, आणि ती जुन्या काळच्या एखाद्या डौलदार इमारतीसारखी दिसतात. याच चौकात जॉन लिट्ल नावाचे प्रसिद्ध दुकान होते. त्याच्या दर्शनी भागाची ती नक्कल आहे. हे दुकान 1845 साली सुरू झाले तेव्हा लिट्ल यांचे भागीदार कर्सेटजी नावाचे एक पारशी गृहस्थ होते. पुढे चौकातली ती इमारत पाडली गेली, आणि 2016 च्या अखेरीस या दुकानाची सिंगापूरमधली शेवटची शाखाही बंद झाली. दर्शनी भाग मात्र टिकला! तेव्हा नुसत्या देखण्या तोंडावर धंदा तरत नाही, हे तर उघडच झाले.

मग तरते काय? त्यासाठी त्या प्रवेशद्वारातून खाली उतरले पाहिजे. हे स्थानक 12 डिसेंबर 1987 रोजी सुरू झाले. येथे दोन मार्ग एकत्र येतात. एका गाडीतून उतरून फलाट ओलांडला की समोर दुसऱ्या मार्गाची गाडी उभी; जिना नाही, धावाधाव नाही. ज्या दिशेची बदली येथे समोरासमोर होत नाही, ती शेजारच्या सिटी हॉल स्थानकात होते. कामावर जाणाऱ्या प्रत्येक माणसाची रोजची काही मिनिटे यामुळे वाचतात, आणि ती कोणी वाचवली हे त्याच्या ध्यानातही येत नाही. पण रूळ कोणत्या पातळीवर टाकायचे हे भुयार खणण्यापूर्वीच ठरवावे लागते. आधी खणून मागाहून रंगरंगोटी केली असती तर ही सोय कोणत्याही किमतीला मिळाली नसती.

अध्यापक प्रशिक्षणात आम्हांस हेच शिकवले होते. आधी पाठाचे टाचण, मग रंगीत खडू. टाचण कच्चे असेल तर कितीही सुंदर चित्र काढा, मागच्या बाकावरच्या मुलाला काही कळत नाही. धंद्यातही आखणी, म्हणजे आज ज्याला डिझाइन म्हणतात ते, टाचणाच्या जागी आहे. ते खर्चाच्या यादीत शेवटी लिहिण्याचे काम नव्हे.

ही समज तेथे आजची नाही. 1822 साली रॅफल्स यांनी नगररचनेसाठी ज्या सूचना दिल्या, त्यांत प्रत्येक घरापुढे ठराविक रुंदीचा, सदैव खुला असा ओटा असावा आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सलग आच्छादित वाट व्हावी, असे कलम होते. मलय भाषेत तिला ‘काकी लिमा’, म्हणजे पाच फूट, म्हणतात. ऊन असो की पाऊस, गिऱ्हाईक एका दुकानातून दुसऱ्या दुकानात कोरड्या अंगाने जाते. एकट्या दुकानदाराला हे साधणारे नव्हते. सर्वांनी आपापली थोडी जागा दिली म्हणून सर्वांचा धंदा वाढला.

पण येथेच सावध राहावे लागते. पुढे दुकानदारांनी त्या वाटेवर माल मांडला, फेरीवाल्यांनी बस्तान बसवले. 1888 च्या फेब्रुवारीत नगरपालिकेने वाट मोकळी करायला घेताच दुकाने बंद पडली आणि दंगल उसळली. चालणाऱ्याला वाट हवी होती हे खरे, आणि ज्यांचे पोट त्या पाच फुटांवर होते त्यांचे म्हणणेही खोटे नव्हते. ज्यांच्यासाठी आखायचे त्यांना विचारले नाही, तर चांगली आखणीही भांडणाचे कारण होते.

आणि आखणीत जे डोळ्यांना दिसत नाही त्याची किंमत याच चौकाने फार मोठी मोजली आहे. 21 नोव्हेंबर 1972 रोजी येथल्या रॉबिन्सन्स या नामांकित दुकानास आग लागली. तारांवर भार जास्त होता, शॉर्ट सर्किट झाले. नऊ जण गेले, त्यांपैकी बहुतेक लिफ्टमध्ये अडकलेले. मालाची मांडणी उत्तम असेल; पण भिंतीआडच्या तारा आणि बाहेर पडण्याची वाट यांचा विचार हाही आखणीचाच भाग आहे. तो चुकला तर हिशेब पैशांत होत नाही.

आता आपल्याकडे पाहू. स्थानके झाली, त्यांच्या आसपास नवी दुकाने निघत आहेत. आपल्या लोकांपैकी कितीतरी जण निवृत्तीची रक्कम घालून छोटे दुकान काढतात, आणि त्यातला मोठा वाटा पाटी, काचा आणि दिवे यांवर खर्च करतात. स्थानकापासून दारापर्यंत सावली आहे का, पावसात छत्री मिटायला जागा आहे का, पायरी किती उंच आहे, तारा कोणी तपासल्या, हे प्रश्न मागे राहतात. ते महाग नसतात. फक्त बांधकामापूर्वी विचारावे लागतात.

आमची सूचना साधी आहे. दुकान काढण्याआधी एखाद्या पावसाळी दुपारी घरातल्या आजीला भरलेली पिशवी घेऊन स्थानकापासून त्या जागेपर्यंत आपल्याबरोबर चालत आणावे. ती जेथे थांबेल, जेथे घसरेल, जेथे भिजेल, तेथे खूण करावी. मग गवंडी बोलवावा. आणि शेजारच्या दोन दुकानदारांनाही बरोबर घ्यावे, कारण सावली एकट्याच्या दारात संपली तर तिचा उपयोग अर्धाच.