सोमवार छाती, मंगळवार पाठ

जिममध्ये वर्षाची फी भरली की पहिल्या दोन-तीन दिवसांत ट्रेनर एक चार्ट देतो. पूर्वी तो भिंतीवर चिकटवलेला असायचा, आता व्हॉट्सॅपवर येतो. मजकूर तोच. सोमवार छाती, मंगळवार पाठ, बुधवार खांदे, गुरुवार बायसेप-ट्रायसेप, शुक्रवार पाय, शनिवार पोट आणि कार्डिओ. (पाय शुक्रवारी का, हे जाणकारांना कळलं असेलच. शुक्रवारी संध्याकाळी जिमला जातंय कोण?) पुण्यात हाच चार्ट, ठाण्यात हाच, आमच्या ऑफिसच्या तळमजल्यावरच्या जिममध्येही हाच. आणि माझं स्पष्ट मत असं की नवशिक्याच्या हातात हा चार्ट ठेवणं ही फसवणूक आहे. शब्द जड वाटला तर वाटू दे, कारणं देतो.

त्या चार्टमध्ये वजन कुठाय? नीट बघा. बेंच प्रेस तीन सेट, बारा रेप्स. इनक्लाइन तीन सेट, बारा रेप्स. पेक डेक, केबल, अजून काहीबाही. पण किती किलोने सुरू करायचं, पुढच्या वेळी किती वाढवायचं, नाही उचललं गेलं तर काय करायचं, याबद्दल एक अक्षर नाही. प्रोग्रॅम या शब्दावर आमचं पोट चालतं म्हणून सांगतो. मागच्या वेळची स्थिती काय, आत्ता काय करायचं आणि फसलं तर पुढे काय, हे ज्यात नाही तो प्रोग्रॅम नव्हे, ती वाण्याची यादी झाली. म्हणूनच आपल्या जिममध्ये तीन-तीन वर्षं त्याच दहा किलोच्या डंबेलने तेच कर्ल मारणारे सज्जन दिसतात. नियमित येतात बिचारे, घाम गाळतात. त्यांच्या आळशीपणाचा प्रश्नच नाही. त्यांना कुणी सांगितलेलंच नाही की वजन वाढवायचं असतं.

ही काही कालपरवाची गुप्त विद्या नाही. दुसऱ्या महायुद्धात जखमी झालेल्या सैनिकांवर अमेरिकेत उपचार करताना थॉमस डिलॉर्म नावाच्या लष्करी डॉक्टरने नेमकं हेच केलं. तेव्हा रिवाज हलक्या वजनाने खूप वेळा हालचाल करण्याचा होता. याने भारी वजन दिलं आणि ताकद येईल तसं ते वाढवत नेलं. १९४५ साली त्याने ते छापलं. म्हणजे ऐंशी वर्षं झाली! आणि आपल्याकडच्या तालमींचं काय? कोल्हापूरला गंगावेशला किंवा मोतीबागेत नवा पोरगा गेला तर वस्ताद त्याला "आज फक्त छाती मार" असं सांगत नाही. जोर, बैठका, मातीतली मेहनत, सगळं अंग एकदम, आणि आकडा हळूहळू वर. वस्तादाला जे कळतं ते एसी जिमच्या चार्टला कळत नाही.

दुसरा मुद्दा सरावाचा. सुरुवातीच्या काही आठवड्यांत जी ताकद वाढते ती बहुतांशी स्नायू फुगल्यामुळे नसते. मेंदू आणि मज्जातंतू ते काम शिकत असतात. स्क्वॅट हे कौशल्य आहे, सायकलसारखं. आता मला सांगा, सायकल शिकणाऱ्या पोराला तुम्ही आठवड्यातून एकदा, फक्त शुक्रवारी बसवाल का? आणि शुक्रवारी रिलीज असेल तर थेट पुढच्या शुक्रवारी?

यावर इंटरनेटवर वाचून आलेले मित्र लगेच शोनफेल्डचा हवाला देतात. बरोबर आहे त्यांचं. ब्रॅड शोनफेल्ड आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली आधीचे अभ्यास एकत्र करून सांगितलं की स्नायू वाढवायचे तर आठवड्यातून एकदापेक्षा दोनदा व्यायाम दिलेला बरा. मग २०१९ साली आणखी अभ्यास जमवून म्हणाले की आठवड्याचं एकूण काम सारखंच असेल तर किती दिवसांत वाटलं याने फार फरक पडत नाही. चार्टवाले हे दुसरं वाक्य छातीशी धरून बसतात. पण "एकूण काम सारखं असेल तर" ही अट वाचा की! नोकरी करणाऱ्या माणसाचा आठवड्यात एखादा दिवस हमखास जातो. डेडलाइन, पाऊस, कुणाचंतरी लग्न. सहा दिवसांच्या चार्टमधला बुधवार गेला की खांदे थेट पुढच्या आठवड्यावर गेले. तीन दिवस पूर्ण अंगाच्या व्यायामातला एक गेला तर प्रत्येक स्नायूला तरीही दोनदा काम मिळतं. आपल्यासारख्यांसाठी वाद इथेच मिटतो.

मग काय करायचं? सोपं आहे, इतकं की लोकांचा विश्वास बसत नाही. मार्क रिपटोचं 'स्टार्टिंग स्ट्रेंग्थ' २००५ साली पहिल्यांदा आलं, त्यातला नवशिक्यांचा आराखडा असा: आठवड्यात तीन दिवस, मध्ये एकेक दिवस विश्रांती. दर वेळी स्क्वॅट, पाच रेप्सचे तीन सेट. मग एकदा बेंच प्रेस, पुढच्या वेळी उभ्याने डोक्यावर प्रेस, तेही पाचाचे तीन सेट. शेवटी डेडलिफ्टचा पाचाचा एकच सेट. झालं. 'स्ट्राँगलिफ्ट्स' यापेक्षा थोडा वेगळा आहे, पाच सेट आणि वर रोइंग. यातला कुठला निवडायचा यावर रात्र जागवू नका, नाणं उडवा. खरा इंजिन दोन्हींत एकच: सगळे सेट पुरे झाले की पुढच्या वेळी थोडं वजन वाढवायचं. स्क्वॅट वीस किलोच्या रिकाम्या बारने सुरू करून दर वेळी अडीच किलो वाढवलं तर बारा वेळांत, म्हणजे चार आठवड्यांत, तीस किलो वाढतात. हे अनंतकाळ चालत नाही, नाहीतर सगळेच ऑलिंपिकला गेले असते. एकाच वजनावर तीनदा अडकलात तर दहा टक्के कमी करा आणि पुन्हा चढा. कधी ना कधी हे चढणंही थांबतं. तेव्हा दुसरा प्रोग्रॅम शोधायचा, पहिल्या दिवशी नाही.

(रिपटोचं सगळं ऐकायचं असंही नाही. बारीक पोरांना तो दिवसाला एक गॅलन दूध प्यायला सांगतो, म्हणजे पावणेचार लिटर. दूधवाला खूश होईल, पोट होणार नाही.)

"स्क्वॅटने गुडघे जातात" हे वाक्य मला महिन्यातून एकदा तरी ऐकावं लागतं, आणि ते म्हणणारा माणूस दिवसाचे दहा तास खुर्चीत बसून पाठदुखीच्या गोळ्या खात असतो. अहो, उकिडवं बसणं ही आपली जन्मजात बैठक. माझी आजी सत्तरीतही चुलीपुढे तशी बसून भाकऱ्या थापायची. जुनी दुखापत, बीपी, डिस्कचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, वाद नाही. बाकीच्यांना हवी ती रिकाम्या बारपासूनची सुरुवात, रॅकच्या आडव्या दांड्या योग्य उंचीवर लावलेल्या, आणि कुणीतरी नीट शिकवणारं.

आणि खरं दुखणं इथेच आहे. शिकवायचं कुणी? स्क्वॅट शिकवायला ट्रेनरला तुमच्याजवळ उभं राहावं लागतं, एकदा नाही, पाच-सहा वेळा. मशीनवर बसवलं की पिन लावली, "पंधरा मारा सर" म्हटलं, की तो पुढच्याकडे मोकळा. पन्नास मशीन आणि एक रॅक असलेल्या जिमला सहा दिवसांचा चार्टच परवडतो, गर्दी आपोआप वाटली जाते. ट्रेनर पोरांना मी दोष देत नाही, तुटपुंज्या पगारावर बारा-बारा तास उभी असतात. पण शिकवणं तेवढं 'पर्सनल ट्रेनिंग'च्या वेगळ्या पॅकेजमध्ये टाकायचं आणि वर्षाची फी आधीच घेऊन ठेवायची, हा हिशोब त्या पोरांनी केलेला नाही.

बायकांच्या बाबतीत तर हद्दच. माझ्या टीममधल्या एका मैत्रिणीला मिळालेला चार्ट मी पाहिला. चाळीस मिनिटं ट्रेडमिल, मग दोन किलोचे गुलाबी डंबेल. का, तर म्हणे "मॅडम, जास्त वजन घेतलं तर बॉडी पुरुषासारखी होईल." इथे पुरुषांची वर्षानुवर्षं होत नाहीये, तिची चुकून होणार! तीच मुलगी घरी भरलेला सिलिंडर सरकवते, दोन वर्षांच्या पोराला कडेवर घेऊन तीन मजले चढते. बायकांची हाडं पाळीनंतरच्या वयात झपाट्याने ठिसूळ होतात आणि वजन उचलणं हा त्यावरचा एक चांगला इलाज आहे, हे डॉक्टर सांगतात. म्हणजे ज्यांना बारची गरज जास्त, त्यांनाच बारपासून लांब ठेवायचं. तिने शेवटी जिम बदलली. नव्या ठिकाणी रॅक आहे, आणि शिकवणाऱ्या बाईही.

तर आता जिम बघायला जाल तेव्हा सॉना आणि झुंबा राहू द्या. रॅक किती आहेत ते मोजा. संध्याकाळी सातला जा, म्हणजे त्यात उभं राहून कर्ल मारणारे किती तेही कळेल. बारचं वजन विचारा. लहान जिममध्ये तो वीस किलोचा असेलच असं नाही, आणि "असेल की सर पंधरा-वीस" हे उत्तर चालणार नाही, काट्यावर ठेवायला लावा. मग सव्वा किलोच्या प्लेट्सची जोडी आहे का ते बघा. बहुतेक नसते. अडीचच्या दोन लावल्या की वाढ थेट पाच किलोची होते, आणि डोक्यावरची प्रेस तिथेच अडकते. ही जोडी फार महाग नसते. स्वतःची घ्या, नाव लिहा आणि लॅपटॉपच्या सॅकमध्ये ठेवा. फक्त सिक्युरिटीवाला रोज बॅग उघडायला लावतो.