कालवडच कशी होते? ‘सॉर्टेड सीमेन’मागचं मशिन समजून घेऊ

अहिल्यानगर जिल्ह्यात संगमनेर, राहाता, राहुरी, कुठेही जा. गाय व्यायली की पहिला प्रश्न एकच असतो: कालवड की गोऱ्हा? कालवड म्हणजे पुढचं दूध. ट्रॅक्टर आल्यापासून गोऱ्ह्याला शेतात फारसं काम उरलेलं नाही आणि २०१५ पासून राज्यात बैलांच्याही कत्तलीवर बंदी आहे. त्यामुळे त्याचा चारा अंगावर पडतो. म्हणून सॉर्टेड सीमेनला मागणी आहे. ५ ऑक्टोबर २०२४ ला वाशिम जिल्ह्यात पंतप्रधानांच्या हस्ते याच्या देशी तंत्रज्ञानाची सुरुवात झाली. कांडी स्वस्त व्हावी, हा त्यामागचा हेतू.

आता हे चालतं कसं? गाईच्या प्रत्येक बीजांडात एक्स गुणसूत्र असतं. वळूच्या साधारण निम्म्या शुक्राणूंत एक्स असतं, निम्म्यांत वाय. एक्सवाला पोचला तर कालवड, वायवाला पोचला तर गोऱ्हा. एक्स आकाराने मोठं, त्यामुळे त्या शुक्राणूत डीएनए सुमारे ४ टक्के जास्त असतो.

जगभर रूढ असलेल्या पद्धतीत मशिन एवढाच फरक पकडतं. डीएनएला चिकटणारा रंग शुक्राणूंना लावतात आणि त्यांना एकेक करून लेझरसमोरून सोडतात. जास्त चमकला तो एक्स. मग त्याच्या थेंबाला विद्युतभार देऊन तो बाजूला वळवतात. कोडिंग येत असेल तर समजा, सेकंदाला हजारो वेळा चालणारं ‘इफ-एल्स’!

पण ‘१०० टक्के कालवड’ अशा फॉरवर्डवर विश्वास ठेवू नका. सुमारे ९० टक्के कालवडी होतात. शिवाय कांडीत शुक्राणू कमी असतात आणि छाननीत त्यांना ताण बसतो, त्यामुळे गाभण राहण्याचं प्रमाण थोडं घटतं. म्हणून ही कांडी निरोगी, वेळेवर माजावर येणाऱ्या जनावरालाच भरावी.

एक्स-वायचा हाच नियम माणसालाही लागू आहे. आईकडून फक्त एक्स येतो. मुलगा की मुलगी हे वडिलांच्या शुक्राणूवर ठरतं. तरी मुलगी झाली की बोल सुनेलाच. २०११ च्या जनगणनेत याच जिल्ह्यात ० ते ६ वयोगटात १००० मुलांमागे ८५२ मुली होत्या. जन्माआधी लिंग तपासणं १९९४ च्या कायद्याने गुन्हा ठरलं. २००३ पासून गर्भधारणेपूर्वीची निवडही त्यात आली, म्हणजे माणसासाठी शुक्राणूंची अशी छाननीसुद्धा.

गोठ्यात मादी झाली की पेढे वाटणाऱ्या घराने हे एकदा वाचावं. घरच्या ग्रुपवर नक्की पाठवा.