कीस आपलाच आहे

मंडळी, जरा स्पष्टच बोलते, राग मानू नका. गेल्या आठवड्यात पुण्याचे पाहुणे देवासला आमच्याकडे आले, तर "त्यांना हिंदी वाटेल" म्हणून सूनबाईने भुट्ट्याचा कीस रद्द केला आणि बाहेरून गुलाबजाम मागवले. ऐंशीच्या सासूबाई किसणी घेऊन बसल्या होत्या हो! आणि मीही गप्प बसले.

हिंदी कसलं? इथला हिंदी माणूससुद्धा 'भुट्टे का कीस' म्हणतो. भुट्टा त्यांचा, कीस आपला! कोवळी कणसं किसायची, तुपात हिंग-मोहरी-मिरचीची फोडणी, कीस खमंग परतायचा, मग दूध घालून झाकण. वरून लिंबू, कोथिंबीर. त्यातलाच वाटीभर आधी बाजूला काढून तूप-साखर-वेलची घालून परतला, की मुलांचा गोड शिरा तयार. गुलाबजाम काय, कुठेही मिळतात.

पवारांच्या मागोमाग आपली घरं धार-देवासला आली, त्याला अडीचशेच्या वर वर्षं झाली. तरी पोह्यांवर शेव-जिरावण घातलं की आपण कमी मराठी? पुण्याला कोणी विचारतं का, मिसळीबरोबर पाव कुठून आला?

पाहुणे अजून इंदूरला आहेत. रविवारी परत जेवायला बोलावलंय. कणसं मी स्वतः आणणार. सासूबाईंनी किसणी अजून फळीवर ठेवलेली नाही.