दिवा खरंच मंद झाला होता

'उगाच गॅसलाइट करू नकोस मला!' हे वाक्य हल्ली तुमच्या मित्रमंडळींत सर्रास ऐकू येतं. २०२२ साली मेरियम-वेब्स्टर या अमेरिकन शब्दकोशाने 'गॅसलायटिंग' हा वर्षाचा शब्द ठरवला होता. तो आला कुठून हे कळायला १९४४चा 'गॅसलाइट' हा कृष्णधवल चित्रपट पाहायला हवा. (रहस्य आधी फुटलेलं चालत नसेल, तर चित्रपट पाहून मगच पुढे वाचा.)

पॅट्रिक हॅमिल्टनच्या १९३८च्या नाटकावरचा हा चित्रपट जॉर्ज क्युकरने दिग्दर्शित केला. काळ गॅसच्या दिव्यांचा, गाव धुक्यातलं लंडन. पॉलाच्या गायिका मावशीचा तिथल्या राहत्या घरात खून झालेला असतो. लग्नानंतर नवऱ्याच्या, ग्रेगरीच्या, आग्रहाखातर पॉला त्याच घरात संसार थाटते. खुनी कोण, याचा अंदाज तुम्हाला बराच आधी येईल. पण चित्रपटाची खरी भीती तिथे नाहीच.

ग्रेगरी आरडाओरडा करत नाही. तो काळजी करतो. 'तू हल्ली वस्तू हरवतेस, विसरतेस' असं प्रेमाने सांगत राहतो. एकदा भिंतीवरची तसबीर गायब होते. तो नोकरांना बोलावून बायबलवर शपथ घ्यायला लावतो. मग पॉलालाच ती शोधायला पाठवतो. आधी दोनदा सापडली होती तिथेच ती पाहते आणि तसबीर मिळते. त्यावर तो म्हणतो, म्हणजे कुठे आहे हे तुला माहीत होतं तर! निर्दोष माणसाला त्याच्याच पावलांनी गुन्ह्याच्या जागी नेऊन उभं करणारा हा प्रसंग मला सगळ्या चित्रपटात सर्वांत क्रूर वाटतो.

आणि तो दिवा. ग्रेगरी रोज रात्री बाहेर पडतो आणि शेजारच्या रिकाम्या घरातून, छतावरून आपल्याच माळ्यावर येऊन मावशीचे दागिने शोधतो. माळ्यावरचा दिवा लावला की नळीतला दाब कमी होतो आणि खाली पॉलाच्या खोलीतली ज्योत बारीक होते. तिला ते दिसतं, वर पावलंही ऐकू येतात. स्वयंपाकीणबाईंना कमी ऐकू येतं, आणि उद्धट मोलकरीण नॅन्सी (अँजेला लॅन्सबरीचा पहिलाच चित्रपट, वय जेमतेम सतरा-अठरा!) तिला उडवूनच लावते. शेवटी पोलीस अधिकारी स्वतः ती ज्योत मंद झालेली पाहतो, तेव्हा इन्ग्रिड बर्गमनचा चेहरा बघा. या भूमिकेसाठी तिला ऑस्कर मिळालं ते उगाच नाही. जोसेफ कॉटनचा अधिकारी मात्र मला कथेच्या सोयीपुरताच वाटला.

चित्रपट पाहिल्यावर एक गोष्ट लक्षात येते. मतभेद किंवा साधं खोटं बोलणं म्हणजे गॅसलायटिंग नव्हे. समोरच्याने स्वतःच्या डोळ्यांवरच विश्वास ठेवू नये, अशी व्यवस्था रोज थोडी थोडी रचणं म्हणजे गॅसलायटिंग. ग्रेगरी पॉलाला माणसांत जाऊ देत नाही, घरी आलेल्यांना भेटू देत नाही, ते यासाठीच. 'दिवा मलाही मंद दिसला' म्हणणारं दुसरं कुणी तिला भेटलं, तर त्याचा खेळ संपला.

शेवटी ग्रेगरी खुर्चीला बांधलेला असतो आणि पॉलाच्या हातात सुरी असते. दोरी कापून मला सोडव, असं तो विनवतो. तेव्हा ती त्याच्याच आरोपाचा आधार घेते: मी तर वेडी, विसराळू, मी कशी मदत करणार? ते दोन-तीन मिनिटांचं दृश्य चालू असताना मोबाइल हातात घेऊ नका.