घरपट्टीलाही तहकुबी हवी

एप्रिल महिना उजाडला की पुणे महानगरपालिकेची मिळकतकराची देयके घरोघर येऊ लागतात. नियमित पगार हाती पडणारा गृहस्थ ते देयक पाहून थोडा कुरकुरतो, सवलतीची मुदत टळू नये म्हणून लगोलग भरून टाकतो आणि विसरून जातो. परंतु याच शहरात अशीही घरे आहेत, की जेथे ते देयक फडताळात ठेवले जाते आणि रोज एकदा तरी बाहेर काढून पाहिले जाते. पतीच्या पश्चात तुटपुंज्या कुटुंबनिवृत्तिवेतनावर दिवस काढणारी स्त्री, पन्नाशीत कारखाना बंद पडल्याने घरी बसलेला कामगार, एका दीर्घ आजारात आयुष्याची शिल्लक खर्ची पडलेले वृद्ध दांपत्य, अशी ही माणसे आहेत. त्यांच्या डोक्यावर स्वतःचे छप्पर आहे म्हणून जग त्यांना सुखवस्तू समजते. आणि हाती पैसा नाही हे सांगण्यास त्यांची जीभ रेटत नाही. कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेखालील किमान निवृत्तिवेतन २०१४ साली दरमहा १००० रुपये ठरविण्यात आले, एवढे सांगितले तरी निवृत्त कामगाराच्या घरातील जमाखर्चाची कल्पना यावी.

आम्ही करमाफीचा कैवार घेण्यासाठी लेखणी उचललेली नाही. शहराला पाणी हवे, दिवे हवेत, रस्ते व दवाखाने हवेत. आणि ते हवे असतील तर घरपट्टी भरलीच पाहिजे. ज्याला भरणे शक्य असून जो भरत नाही, तो आपल्या शेजाऱ्याच्या खिशात हात घालतो, असेच आम्ही मानतो. प्रश्न आहे तो भरण्याची इच्छा असूनही ज्याला ते आज शक्य नाही त्याचा. मिळकतकर घराच्या मूल्यावर बसतो, तो भरावा मात्र लागतो माणसाच्या उत्पन्नातून. उत्पन्न आटले म्हणून घराचे करपात्र मूल्य आटत नाही. ही विसंगती या कराच्या प्रकृतीतच आहे, आणि म्हणूनच तिच्यावरील उतारा करव्यवस्थेनेच द्यावयास हवा.

सवलती आपल्याकडे नाहीत असे नव्हे. त्या कोणाच्या पदरी पडतात हे मात्र पाहण्यासारखे आहे. वर्षाच्या पहिल्या दोन-तीन महिन्यांत कर भरणाऱ्यास पुण्यात सामान्य करात ५ ते १० टक्के सूट मिळत आली आहे. म्हणजे ज्याच्या गाठी रोकड आहे त्याला बक्षीस. थकबाकीदारांसाठी अधूनमधून अभय योजना निघते; २०२० साली निघालेल्या अशा योजनेत शास्तीच्या रकमेत ८० टक्के सूट देण्यात आली. म्हणजे वर्षानुवर्षे कर थकवून स्वस्थ बसण्याचे धैर्य ज्याच्यापाशी आहे, त्यालाही बक्षीस. मुंबईत १ जानेवारी २०२२ रोजी ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मिळकतकर माफ करण्याची घोषणा झाली. तिचा लाभ अनेक गरजू कुटुंबांना झाला हे खरे. पण तेथे मोजपट्टी लागली ती क्षेत्रफळाला, मालकाच्या उत्पन्नाला नव्हे. ५१० फुटांच्या घरात राहणाऱ्या निराधार विधवेला त्या मोजपट्टीने काहीच दिले नाही. करनियमांत तर घर काही काळ रिकामे राहिल्यास कराचा परतावा मागण्याचीही सोय आहे. घर रिकामे झाले तर कायदा कळवळतो. घरधन्याचा खिसा रिकामा झाला तर तो ओळखही दाखवीत नाही!

राहता राहिली पुण्याची आपली ४० टक्क्यांची सवलत. मालक स्वतः राहत असलेल्या घरांना ती १९७० पासून मिळत होती. लेखापरीक्षणातील आक्षेपांचे निमित्त होऊन २०१८ साली राज्य शासनाने तिला आधार देणारा ठराव रद्द केला, आणि लोकक्षोभानंतर २०२३ मध्ये ती पुन्हा लागू करण्याचा निर्णय झाला. त्या वेळी अनेक घरमालकांना आपण आपल्याच घरात राहतो हे सिद्ध करण्यासाठी 'पीटी-३' नावाचा अर्ज भरावा लागला आणि त्याला पुरावे जोडावे लागले. ही सवलत योग्यच आहे. परंतु बंगल्यातील धनिकाला आणि दोन खोल्यांतील पेन्शनराला ती एकाच टक्केवारीने मिळते. अडचणीत आलेल्या माणसाची दखल तीही घेत नाही.

अशा माणसाची दखल घेतली जाते ती एकाच ठिकाणी, शास्तीच्या रकान्यात. थकीत करावर दरमहा २ टक्के, म्हणजे वर्षाला २४ टक्के शास्ती चढते. शाळेतल्या मुलालाही हे गणित सुटेल. २०,००० रुपये थकले तर वर्षाला ४,८०० आणि तीन वर्षांत १४,४०० रुपये. आणि दरम्यान नव्या वर्षांची देयके व त्यांवरील शास्ती वेगळीच. घर बांधण्यासाठी बँक जे व्याज घेते, त्याच्या दुपटीहून अधिक दराने नगरसंस्थेने आपल्या नागरिकाकडून, तो पडत्या काळात असताना, वसुली करावी काय? पुढे जप्तीची नोटीस येते. थकबाकीदारांच्या दारात बँडबाजा वाजविण्याचेही प्रयोग या शहराने पाहिले आहेत. जो कोट्यवधींचा कर बुडवितो त्याला त्या बाजाचे काही वाटत नाही. ज्याने जन्मभर कोणाचे चार आणे ठेवले नाहीत, तो मात्र त्याच्या नुसत्या धास्तीने दागिना मोडतो किंवा औषध बंद करतो.

आम्ही सुचवितो तो उपाय नवा नाही. तो या मातीतलाच आहे. पीक बुडाले तर शेतसारा तहकूब करावा, अगदीच बुडाले तर सूट द्यावी, हे तत्त्व परकीय राजवटीलाही मान्य करावे लागले होते. पीक चार आण्यांहून कमी आले तर त्या वर्षीचा सारा तहकूब व्हावा, हा जुन्या मुंबई इलाख्यातील नियमच होता. १९१८ साली खेडा जिल्ह्यात गांधीजींनी जो सत्याग्रह केला, तो याच नियमाचा लाभ शेतकऱ्यांना मिळावा म्हणून. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतही, १९६६ साली, सारा कमी करण्याची, तहकूब करण्याची व माफ करण्याची तरतूद ठेवण्यात आली. शेतकऱ्याचे पीक बुडते, तसाच शहरातील माणसाचा पगार बुडतो. एकाला आणेवारी आहे, दुसऱ्याला का नसावी?

इतरत्रही हाच विचार झालेला आहे. अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात १९६३ पासून वृद्ध घरमालकांचा कर पुढे ढकलण्याची योजना आहे. त्यांच्या वतीने राज्य कर भरते, त्या रकमेचा बोजा घरावर नोंदविते आणि घर विकले गेले वा मालक निवर्तला की सव्याज वसूल करते. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातही १९७४ पासून अशी योजना आहे. उलट मिशिगन राज्याचे उदाहरण सावधगिरीचे आहे. गरीब घरमालकांना करमाफीचा कायदा तेथे होता. पण दरवर्षी नवा अर्ज करावा लागे आणि त्याची प्रक्रिया किचकट होती. परिणामी डेट्रॉइट शहरात माफीस पात्र असलेल्या कित्येकांची घरे कराच्या थकबाकीपोटी गेली. प्रकरण न्यायालयात पोहोचल्यावर २०१८ साली झालेल्या तडजोडीत अर्जाची पद्धत सोपी करण्याचे शहराने मान्य केले. कायद्याच्या पुस्तकातील दया खिडकीपर्यंत पोहोचली नाही, तर ती नसल्यासारखीच, हा त्याचा धडा.

म्हणून आमची सूचना अशी. ज्या घरात मालक स्वतः राहतो आणि ज्याला दुसरे घर नाही, त्याचे उत्पन्न ठरावीक मर्यादेखाली असल्यास, अथवा कर्त्या माणसाचा मृत्यू, नोकरी जाणे, गंभीर आजार किंवा अपंगत्व यांमुळे ते एकाएकी घटल्यास, त्याच्या विनंतीवरून मिळकतकर तहकूब करावा. तहकुबीच्या काळात शास्ती लावू नये. फार तर अल्प दराने सरळ व्याज घ्यावे. एकदा केलेला अर्ज तीन वर्षे चालावा, तीस दिवसांत त्याचा निकाल लागावा आणि नकार द्यावयाचा तर कारणे लेखी द्यावीत. अर्ज मराठीत, एका पानाचा असावा, आणि क्षेत्रीय कार्यालयातील कारकुनाने तो भरून देण्यास मदत करावी. जप्तीची नोटीस काढण्यापूर्वी या सोयीची माहिती देणे सक्तीचे असावे. जे अगदीच निराधार आहेत, त्यांच्यापुरती माफीही असावी.

यावर तिजोरीचे काय, असे विचारले जाईल. तहकुबी म्हणजे माफी नव्हे. मिळकतकराचा बोजा कायद्यानेच त्या वास्तूवर असतो. घर विकले गेले किंवा वारसांच्या नावे झाले, की पालिकेचे पैसे चुकते होतील. बुडते ते काहीच नाही, लांबते एवढेच. दुसरा आक्षेप लबाडीचा. लबाड माणसे या सोयीतही शिरतील, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु स्वतःच्या एकुलत्या घरावर पालिकेचा वाढता बोजा चढवून घेण्यास ज्याला खरी निकड नाही असा माणूस सहसा तयार होत नाही. शिवाय अभय योजनेत बड्या थकबाकीदारांवर पाणी सोडताना ज्या तिजोरीला कापरे भरले नाही, तिला पेन्शनराच्या घरपट्टीसाठी चार वर्षे थांबणे जड जाऊ नये.

महापालिकेने आपल्या अधिकारात जेवढे करता येईल तेवढे येत्या देयकांपूर्वी करावे, आणि जेथे कायद्यात दुरुस्ती लागेल तेथे राज्य शासनाने ती करावी. पुण्याच्या आमदारांनी, पक्ष कोणताही असो, हा विषय विधिमंडळात मांडावा. ज्या पिढीने या शहरात पै पै साठवून घर उभे केले आणि तीस-चाळीस वर्षे बिनतक्रार कर भरला, तिला उतारवयात त्याच घराच्या उंबऱ्यावर जप्तीची नोटीस घ्यावी लागू नये. एवढे पाहणे हे पालिकेचे कर्तव्य आहे. तो उपकार नव्हे.