डोंगरात सायकलच्या वाटा करा, पण पहिली वाट सगळ्यात सोपी करा

सातारकर मंडळी, पोस्ट जरा लांब आहे. चहा घेऊन बसा, पण शेवटपर्यंत वाचा.

गेल्या काही वर्षांत आपल्या गावात सायकल वाढली. 2012 पासून हिल मॅरेथॉन सुरू झाली, यवतेश्वरच्या घाटात पळणारे दिसायला लागले आणि त्यांच्या मागोमाग सायकलवाले आले. आता त्यातल्या बऱ्याच जणांना डांबरी घाट नकोसा झालाय. कासच्या फुलांच्या हंगामात शनिवार-रविवारी त्या घाटात काय होतं, ते तुम्हाला सांगायला नको. म्हणून गावाभोवती कच्च्या, मातीच्या वाटा सायकलसाठी आखून द्या, अशी मागणी अधूनमधून कानावर येते. माउंटन बाइकिंग म्हणतात ते हेच.

मागणी योग्य आहे आणि माझा तिला पाठिंबा आहे. अट एकच. पहिली वाट सगळ्यात सोपी हवी. अवघड वाट नंतर बघू.

असं का म्हणतोय? या विषयावर बोलणारे दोनच गट मला भेटतात. एक गट तिशीतल्या धडधाकट पोरांचा. चाळीस-पन्नास हजारांची सायकल, हेल्मेट, हातमोजे, सगळं आहे. त्यांना उड्या हव्यात, तीव्र उतार हवेत. दुसरा गट सकाळी फिरायला जाणाऱ्यांचा. त्यांना भीती वाटते, की मागनं कुणीतरी भन्नाट वेगात येणार आणि आपल्याला आडवं करून जाणार. भांडण दोघांचं आहे, पण दोघांच्याही डोळ्यांपुढं सायकलवाला म्हणून तोच एक तिशीतला गडी आहे.

यात सातवीतली मुलगी कुठंय? डॉक्टरांनी हालचाल करा सांगितलेले पन्नाशीतले मास्तर कुठं आहेत? दादाच्या जुन्या सायकलवर पाय कसेबसे पुरणारा पोरगा कुठंय? ही माणसं बैठकीला येत नाहीत, अर्ज करत नाहीत. त्यांना रस्त्यावर डंपरची भीती आणि डोंगरात पडायची भीती, म्हणून सायकल जिन्याखाली गंजत पडते.

जगात यावर उपाय निघालाय. डोंगरातल्या सायकल-वाटांना रंग देतात. अमेरिकेतल्या इंटरनॅशनल माउंटन बायसिकलिंग असोसिएशननं ठरवलेली मापं बऱ्याच ठिकाणी वापरतात. हिरवी वाट सोपी : रुंदी किमान तीन फूट, सरासरी चढ पाच टक्के, म्हणजे शंभर मीटर गेल्यावर पाच मीटर उंची, आणि टाळता येणार नाही असा दगड किंवा मूळ दोन इंचांपेक्षा उंच नको. निळी मधली : रुंदी दोन फूट, चढ दहा टक्क्यांपर्यंत, अडथळा आठ इंचांपर्यंत. काळी अवघड : वाट फूटभर रुंद असली तरी चालते, चढ सरासरी पंधरा टक्क्यांपर्यंत आणि अडथळेही पंधरा इंचांपर्यंत. वाटेच्या तोंडाशी पाटी असते. पाटी बघायची, आपला वकूब ओळखायचा आणि आत जायचं.

आता आपल्या गावाकडं बघा. काळी वाट आपल्याकडं फुकट आहे, सह्याद्रीनं करून ठेवलीये. हिरवी मात्र आपोआप होत नाही, ती करावी लागते. म्हणून म्हणतो, सार्वजनिक पैसा आणि मेहनत आधी तिथं घाला.

जागा कुठली, हा पुढचा प्रश्न. दोन ठिकाणं मी आधीच बाजूला काढतो. कासचं पठार नको. 2012 पासून ते जागतिक वारशात आहे. तिथं कातळावर मातीचा पातळ थर आहे, त्यावरच ती फुलं येतात. एका चाकोरीनं त्या थराची वाट लागेल. आणि अजिंक्यताऱ्याच्या पायवाटा नकोत. सकाळी तिथं आजी-आजोबांपासून लेकरांपर्यंत सगळे चालतात. ती वाट चालणाऱ्यांची आहे, तिथं चाक नको.

मग राहिलं काय? भरपूर राहिलं. माहुलीच्या बाजूचा सपाट शिवार आणि त्यातल्या पाणंदी. कण्हेरच्या कालव्याकाठचे कच्चे रस्ते. कालव्याला चढ जवळपास नसतोच, त्यामुळं नवख्या माणसाला त्याच्यासारखी वाट नाही. तिथनं पुढं टेकड्यांच्या पायथ्याच्या गायरानातनं निळी वाट काढता येईल. वनखात्याच्या जागेत जायचं तर त्यांची रीतसर परवानगी घेऊनच. आणि पाणंद आधी शेतकऱ्याची, हे विसरायचं नाही. ऊस तोडणी चालू असताना तिथनं ट्रॅक्टर-ट्रॉल्या जातात, तेव्हा सायकलनं दुसरी वाट धरायची.

"हे करणार कोण? इंजिनीअर कुठला?" असं विचारणारे आहेतच. मंडळी, डोंगरातली वाट पहिल्यांदा मोडते ती पाण्यानं. सरळ उतारानं खाली आणलेली वाट दोन पावसाळ्यांत ओघळ होते. नियम साधा आहे : डोंगराचा उतार जेवढा, त्याच्या निम्म्यापेक्षा वाटेचा चढ जास्त नको, आणि थोड्या थोड्या अंतरावर वाट किंचित उलटी चढवायची, म्हणजे पाणी तिथंच बाहेर पडतं. हे ऐकून कोरेगाव तालुक्यातला माणूस हसेल. 2016 च्या पहिल्या वॉटर कपमध्ये वेळू गाव पहिलं आलं. त्या वर्षी तिथल्या गावागावांत लोकांनी ए-फ्रेम धरून समतल रेषा आखल्या आणि चर खणले. डोंगरावर पाणी कसं धावतं हे ज्यांना कळतं, त्यांना वाट आखायला शिकवावं लागत नाही. कुदळ, फावडं, घमेलं, ए-फ्रेम. पेव्हर ब्लॉक नको, रेलिंग नको, सेल्फी पॉइंट तर नकोच नको.

काही जण लगेच पर्यटनाची गणितं मांडतात. ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियामध्ये डर्बी नावाचं छोटं गाव आहे. कथलाच्या खाणी बंद पडल्यावर ते ओस पडत चाललं होतं. 2015 मध्ये तिथं सायकलच्या वाटा सुरू झाल्या आणि दोन वर्षांत जागतिक मालिकेतली शर्यत त्या गावात झाली. उदाहरण चांगलं आहे, आणि तिथल्या वाटांनाही सोप्या-अवघडाच्या पाट्या आहेत. पण सातारा ओस पडलेलं गाव नाही. पर्यटकांची गर्दी आपल्याला कमी नाही, उलट ती सोसताना दम लागतोय. आपल्याला वाट हवी ती आपल्या घरातल्या माणसांसाठी. पाहुणा आला तर आनंदच आहे, पण वाट त्याच्यासाठी नाही.

फिरणाऱ्यांची भीती मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. नियम पहिल्या दिवसापासून पाटीवर हवेत. चालणारा आधी, गुरं आणि मेंढरं आधी, चढणाऱ्याला उतरणाऱ्यानं वाट द्यायची. भर पावसाळ्यात मातीची वाट बंद, कारण ओल्या चिखलात चाक फिरलं की वाट कायमची खराब होते. ज्याला हे जमत नाही, त्यानं डांबरी रस्त्यावर जावं.

तर मागणं तीनच. नगरपालिका, आजूबाजूच्या ग्रामपंचायती, वनखातं आणि जलसंपदा खातं यांनी एकदा एका टेबलावर बसावं. आहे त्या वाटांमधनं पाच-सहा किलोमीटरची एक हिरवी वाट निवडावी, दगड काढावेत, पाणी वळवावं, पाट्या लावाव्यात. आणि वर्षभर तिची निगा कोण राखणार, ते उद्घाटनाच्या आधी ठरवावं, नाहीतर फीत कापून झाल्यावर तिकडं कुणी फिरकत नाही, हे इतकी वर्षं बातम्या करताना मी बघत आलोय.

वर्षभरानं त्या वाटेवर किती मुली, किती पन्नाशीतली माणसं दिसतात ते मोजू. ती दिसली तर निळीचं बोलू, मग काळीचं. ती दिसलीच नाहीत, तर आपण फक्त चार गड्यांसाठी डोंगर खणला असं समजायचं.

तुमच्या भागात अशी सोपी वाट, पाणंद किंवा कालव्याचा रस्ता असेल तर खाली लिहा, म्हणजे यादी तयार होईल. पटलं नसेल तर तेही लिहा. चालणाऱ्यांनी तर नक्की लिहा.